शंभर घरांचा पट

आम्ही मुंबईतून, लालबागमधल्या एका चाळीतून बोलतोय. बोलणारी एक असली तरी शेजारी सहा जणी बसल्यात आणि काही चुकलं की कोपराने ढोसतात. तेव्हा मध्येच अडखळलो तर समजून घ्या.

आज पापड-मसाल्याचं सांगणार नाही, बचतगटाच्या वहीचंही नाही. आज बुद्धिबळाचं सांगायचंय. आम्ही एक नवं बुद्धिबळ केलंय. नेहमीच्या पटाला चौसष्ट घरं असतात, आमच्याला शंभर आहेत. आणि त्यात दोन नव्या सोंगट्या आहेत, एक डबेवाला आणि दुसरी खानावळवाली.

हसलात ना? आम्हीही हसलो होतो. झालं असं की आमच्यातल्या एकीची मुलगी शाळेत बुद्धिबळ शिकली आणि घरी येऊन गॅलरीत पट मांडून सगळ्यांना शिकवायला लागली. हा राजा, हा वजीर, हा हत्ती सरळ जातो, उंट तिरका जातो, घोडा अडीच घरं उडी मारतो, आणि पुढे उभी ही आठ प्यादी. आमच्या मजल्यावर एक मावशी आहेत, सत्तरी ओलांडलेल्या. गिरण्या चालू होत्या तेव्हा त्यांची खानावळ होती. त्या लसूण सोलत बसल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘‘एवढे गडी, एवढी जनावरं. ह्यांना जेवायला कोण घालतं?’’

मुलगी म्हणाली, ‘‘आजी, हा खेळ आहे.’’

मावशी म्हणाल्या, ‘‘असू दे की. पण कोण घालतं?’’

तिथून हे सगळं सुरू झालं.

आधी आम्हाला वाटलं की बुद्धिबळात असं काही घुसवता येतच नसेल. हजार-दीड हजार वर्षं चालत आलेला खेळ, त्याचे नियम ठरलेले. पण मुलीच्या शिक्षकांना विचारलं, वाचनालयातून पुस्तकं आणली, तेव्हा कळलं की हा खेळ सारखा बदलतच आलाय. आज सगळ्यात जोरदार सोंगटी वजीर. पण जुन्या काळी तो एका वेळी फक्त एक घर तिरका जायचा, प्याद्याहून थोडासा बरा. सव्वापाचशे-साडेपाचशे वर्षांपूर्वी स्पेन-इटलीकडे त्याला हवं तितकं चालायची मोकळीक मिळाली. तिकडे त्या सोंगटीला राणी म्हणतात. त्या वेळी स्पेनमध्ये इसाबेला नावाची राणी खरोखरच राज्य करत होती, म्हणून तर हे झालं नसेल, असं काही अभ्यासक म्हणतात. आपल्याकडे मात्र नाव वजीरच राहिलं.

आपला जुना देशी डावही निराळा होता. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जायचं, आणि राजाला आख्ख्या डावात एकदा घोड्यासारखी उडी मारायची सवलत असायची. तुमच्या गावात पारावर खेळणारे कुणी जुने आजोबा असतील तर विचारून बघा.

आणि पटावर कोणी बसायचं, हासुद्धा नियमच की. तो कसा बदलला ते आमच्या जवळच, गिरगावात घडलं. तिथे ‘नवाकाळ’ दैनिकाचे संपादक नीळकंठ खाडिलकर यांच्या तीन मुली, वासंती, जयश्री आणि रोहिणी. १९७४ साली बंगळूरला बायकांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, ती वासंतीने जिंकली. पुढची दहा वर्षं ते विजेतेपद या तीन बहिणींच्या बाहेर गेलंच नाही. १९७६ साली तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला उतरली. केवढा गहजब झाला! मुलीने पुरुषांत खेळायचंच कसं? प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं. शेवटी जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्णय दिला की राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून बाईला ती बाई आहे म्हणून बाहेर ठेवता येणार नाही. रोहिणी १९८१ साली आशियाची विजेती झाली. आणि २०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुखने बायकांचा विश्वचषक जिंकला, ते तर तुम्ही टीव्हीवर पाहिलंच असेल.

हे वाचल्यावर आम्हाला धीर आला. नियम माणसांनीच केलेत, तर आपण दोन केले म्हणून काय बिघडलं?

मोठा पट ही कल्पनाही काही आमची नाही. स्पेनच्या अल्फान्सो राजाने १२८३ साली खेळांचा एक ग्रंथ लिहून घेतला. त्यात बारा घरं बाय बारा घरांचं बुद्धिबळ आहे, त्यात मगर, जिराफ, सिंह अशा सोंगट्या. मध्य आशियातल्या तैमूरलंगाच्या नावाने ओळखलं जाणारं बुद्धिबळ एकशेबारा घरांचं. त्यातली प्रत्येक सोंगटीची प्यादी वेगळी, हत्तीचं प्यादं निराळं, उंटाचं निराळं. क्युबा देशाचा कापाब्लांका १९२१ ते १९२७ जगज्जेता होता. मोठे खेळाडू एकमेकांना इतके ओळखून झालेत की डाव बरोबरीतच सुटत राहतील, ही त्याला काळजी. म्हणून त्याने ऐंशी घरांचा पट सुचवला. एका नव्या सोंगटीत हत्ती आणि घोडा एकत्र, दुसरीत उंट आणि घोडा एकत्र. तो खेळ काही रुळला नाही. आम्हाला विचाराल तर त्याच्या नव्या सोंगट्या म्हणजे जुन्याच दोन एका गाठोड्यात बांधलेल्या. जास्त मारणाऱ्या, एवढंच. न मारता कामाला येणारी सोंगटी कुणाला सुचलेली आम्हाला कुठे सापडली नाही.

आता आम्ही कुठे कुठे आपटलो ते सांगतो.

पहिल्यांदा हावरटपणा केला. बारा बाय बाराचा पट आखला, एकशेचव्वेचाळीस घरं, आणि पोरांनी म्हटलेलं सगळं घेतलं. ट्राम घेतली, गिरणीचा भोंगा घेतला. ट्राम रूळ सोडून जायची नाही, एकाच ओळीत पुढेमागे. म्हणजे लंगडा हत्तीच तो. मुंबईची ट्राम १९६४ साली बंद झाली, आम्ही पुन्हा एकदा बंद केली. भोंगा वाजला की समोरच्याची एक चाल बुडायची. पोरं उठसूट भोंगा वाजवायला लागली, रडारड झाली, भोंगा गेला. डाव तर संपतच नव्हता. दुपारची भांडी आवरून बसलो तर संध्याकाळचं पाणी यायची वेळ व्हायची आणि प्यादी अजून अर्ध्यावर.

मोठ्या पटाचं खरं दुखणं हेच. हत्ती आणि उंट लांब धावतात, त्यांना मोठा पट म्हणजे मोकळं रान. घोडा मात्र तेवढीच उडी मारणार, तो मागे पडतो. आणि प्यादी बिचारी एकेक घर चालत राहतात. युरोपात प्याद्याला पहिल्या चालीला दोन घरं जायची मुभा दिली, तीसुद्धा खेळ लवकर रंगात यावा म्हणूनच.

मग पट दहा बाय दहाचा केला. बाजूला दहा प्यादी आणि मागच्या ओळीत दहा सोंगट्या. डावीकडून हत्ती, घोडा, उंट, डबेवाला, वजीर, राजा, खानावळवाली, उंट, घोडा, हत्ती. प्यादं देशी पद्धतीने एकच घर चालणार.

डबेवाला लवकर जमला. तो सरळ चालतो, आडवा किंवा उभा, तीन घरांपर्यंत. त्याच्या पाठीशी लागून आपलं प्यादं उभं असेल तर ते तो बरोबर नेतो, आणि जिथे थांबेल तिथे आपल्या मागच्या घरात उतरवतो. रिकाम्या हाताने जाताना तो समोरच्याला मारू शकतो. ओझं घेऊन निघाला तर मारायचं नाही, नुसतं पोचवायचं. हा नियम आमच्यातल्या एकीच्या मालकांनी सुचवला. ते स्वतः डबे पोचवतात, मूळचे मावळातले.

खानावळवालीने मात्र दमवलं. ती राजासारखी एकेक घर कुठेही जाते आणि कुणालाच मारत नाही, एवढं पहिल्या दिवशीच ठरलं. पण मग ती करते काय? पहिला नियम केला की तिच्या आजूबाजूच्या घरांत उभ्या असलेल्या आपल्या सोंगट्यांना कुणी मारू शकत नाही. झालं! जो तो आपल्या राजाला तिच्या शेजारी बसवून निवांत. तीन संध्याकाळी खेळलो, एकदाही मात झाली नाही. मावशी म्हणाल्या, ‘‘मी काय देवी आहे का? माझ्या ओट्यावर बसलेल्याला मालकाने कामावरून काढलं नाही असं कधी झालं का? मी भाकरी द्यायचे. त्याच्या जोरावर गडी पुढची पाळी करायचा.’’

तो शब्द धरला. तिच्या शेजारच्या कुठल्याही घरात आपलं प्यादं असेल तर त्या चालीला ते एकाऐवजी दोन घरं पुढे जाऊ शकतं. बस, एवढाच नियम. आणि सगळा पट हलला. प्यादी पुढे न्यायची तर तिलाही मागोमाग न्यावं लागतं. मागे ठेवली तर ती सुरक्षित, पण उपयोग नाही. पुढे नेली तर प्यादी पळतात, पण ती समोरच्याच्या माऱ्यात येते. दर दोन-तीन चालींनी हाच प्रश्न पडायला लागला, आणि आम्हाला कळलं की सोंगटी जमली.

तुमच्यातल्या कितीतरी जणींचे सासरे, वडील, चुलते इथल्या गिरण्यांत असतील. कोकणातून, साताऱ्याकडून, घाटावरून आलेले गडी एका खोलीत दहा-पंधरा राहायचे. पाळीप्रमाणे झोपायचे, एक कामाला गेला की त्याच्या जागेवर दुसरा. त्यांचं जेवण गिरणगावातल्या बायका करायच्या, स्वतःच्याच खोलीत, स्टोव्हवर. या बायकांना कुणी धंदेवाल्या म्हणत नव्हतं, बँका दारात उभं करत नव्हत्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा कुठे हे काम म्हणून मोजलं गेलं.

खानावळवाली मारली गेली तर काय, यावर दोन दिवस वाद झाला. काही जणी म्हणत होत्या, काही नाही, गेली तर गेली, दुसऱ्या सोंगट्यांसारखीच. शेवटी असं ठरलं की ती गेली की तिच्या बाजूची प्यादी पुढच्या दोन चाली जागची हलायची नाहीत. लक्षात राहावं म्हणून पटाशेजारी दोन बुचं ठेवायची आणि चालीगणिक एक उचलायचं. एका पोराने विचारलं, कुणाकडे नुसती प्यादीच उरली असतील तर? मग त्याची चाल बुडते. दोन चाली थोड्या वाटतात, पण खेळून बघा. समोरचा तेवढ्यात घरात शिरतो.

हे ठरलं त्या संध्याकाळी मावशी संपाचं बोलल्या. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. मावशींकडे तेव्हा बावीस गडी जेवायला. पहिला महिना गेला, दुसरा गेला, पगार नाही. मावशींनी कुणाचं ताट बंद केलं नाही. वहीत उधारी लिहीत गेल्या. आधी वाण्याकडे थकली, मग हातातल्या पाटल्या गेल्या. संप कधी रीतसर संपलाच नाही, गडी एकेक करून गावाला निघून गेले. काहींनी पुढे पैसे धाडले, बऱ्याच जणांनी नाही. ती वही अजून त्यांच्या ट्रंकेत आहे.

आम्ही त्यांच्या शेजारी राहतो, कुणी वीस वर्षं, कुणी तीस. यातलं पाटल्यांचं आम्हाला ठाऊक नव्हतं.

त्या म्हणाल्या, ‘‘तुमच्या खेळात उधारी फेडायची काही सोय करा.’’ म्हणून शेवटचा नियम आला. नेहमीच्या बुद्धिबळात प्यादं पलीकडच्या शेवटच्या ओळीत पोचलं की त्याचा वजीर होतो. आमच्या पटावर खेळणारीला दोन वाटा आहेत. त्या प्याद्याचा वजीर करायचा, नाहीतर ते प्यादं पटावरून उचलायचं आणि त्याच्या बदल्यात मारली गेलेली आपली खानावळवाली राजाशेजारच्या रिकाम्या घरात परत आणायची.

नियम झाला. आणि पुढचे पंधरा दिवस प्रत्येकीने वजीरच घेतला, आम्हीसुद्धा. जिंकायचं असेल तर वजीरच घेणार ना? मावशी बघत होत्या. कुणी काही बोललं नाही, पण आम्हाला ते लागत होतं. एकीने म्हटलं, हे सक्तीचं करून टाकू, खानावळवाली गेली असेल तर आधी तिला आणायचं, मग वजीर. मावशींनी साफ नाही म्हटलं. ‘‘गावोगाव फिरून मागितले असते तर मलाही मिळाले असते पैसे. मी गेले नाही. सक्ती नको.’’ नियम तसाच ठेवला. आमच्यात अजून दोन तट आहेत त्यावर, आणि आत्तासुद्धा शेजारून कोपर बसलंय.

तुम्हाला करून बघायचं असेल तर खर्च काही नाही. पट आम्ही जुन्या फ्लेक्सच्या मागच्या पांढऱ्या बाजूवर आखलाय. फ्लेक्स काय, निवडणूक झाली की तुमच्याकडेही ढिगाने मिळतात. आधी एक वीत मापाची घरं आखली होती, पण आमची गॅलरी जेमतेम चार फुटांची, पट उलगडेना. मग पाच बोटांचं घर केलं. प्यादी म्हणजे बाटल्यांची बुचं, एका बाजूची लाल रंगवलेली. राजा-वजीर परळच्या गणपतीच्या कारखान्यातून उरलेली शाडू आणून केले. हत्ती म्हणजे गिरणीतल्या जुन्या लाकडी बॉबिनी, त्या एकीच्या माळ्यावर पडल्या होत्या. खानावळवाली मावशींनी स्वतः घडवली, कमरेवर हात ठेवून उभी. दोन्ही बाजूंच्या दोन्ही तशाच.

आणि आमच्याच सोंगट्या घ्यायला हव्यात असं नाही. तुमच्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या असतील, पाणी वाहणाऱ्या असतील. सोंगटी नुसती घेऊ नका, तिला खेळवून बघा. दहा डाव खेळल्यावर ती नसली तरी काही अडत नसेल तर तिचा नियम चुकलाय. आमचा तीनदा चुकला.

परवाचं सांगून थांबतो. ती शाळकरी मुलगी आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी, असा डाव लागला होता. मुलीची खानावळवाली आधीच गेली होती. तिचं एक प्यादं डबेवाल्याने अर्ध्या वाटेपर्यंत आणलं, पुढे ते चालत चालत शेवटच्या ओळीत पोचलं. सगळ्या ओरडल्या, ‘‘वजीर, वजीर!’’ तिने थोडा वेळ पटाकडे बघितलं. मग प्यादं उचललं आणि खानावळवाली राजाशेजारी ठेवली.

दहा-बारा चालींत ती हरली. वहिनींच्या वजिरापुढे तिचं काही चाललं नाही.

मावशी तिला रागावल्या. ‘‘अगं, वजीर घ्यायचा होतास. एवढं शिकवलं तुला शाळेत, ते कुठे गेलं? चल, पुन्हा मांड.’’

तिने पुन्हा मांडला. नळाला पाणी आलं होतं, तरी कुणी उठलं नाही.